पाणी भरणारी आणि पाण्यात उतरणारी



समुद्राखाली उतरायचं, तिथल्या जिवांचा शास्त्रीय अभ्यास करायचा आणि त्यांचं चित्रीकरणही आपणच करायचं, असा एक व्यवसाय जगात गेली नव्वदेक वर्षं चालू आहे. सागरी जीवशास्त्राची पदवी, बुडी मारण्याचं शिक्षण आणि कॅमेऱ्याचं तंत्र, एवढं सगळं त्याला लागतं. आपल्या किशोरी गटातल्या एखाद्या मुलीनं ‘मला हे करायचंय’ असं घरी सांगितलं तर काय होईल, हे आपल्यातल्या कुणालाही सांगता येईल. आधी सगळे हसतील. मग ‘पोहता तरी येतं का तुला?’ असं विचारतील. मग बोटीवरच्या पुरुषांचा, पोहण्याच्या कपड्यांचा, उन्हानं काळवंडणाऱ्या रंगाचा विषय निघेल. शेवटी कुणीतरी मोठं माणूस समजुतीच्या सुरात म्हणेल, ‘आधी बी.एड. करून घे, बाकीचं लग्नानंतर नवऱ्याला विचारून कर.’

घरातली मारहाण, परित्यक्तांची पोटगी, शेतमजूर बायकांची मजुरी हे आपल्या अंकातले नेहमीचे विषय. त्यात हा समुद्रतळ कुठून आला, असं काहीजणींना वाटेल. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला याचं काय, असंही कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच की हा व्यवसाय मूठभरांचा असला, तरी त्यात बाईला अडवणारे दरवाजे आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. पाण्यात उतरायचा हक्क कुणाला? पाहायचं कुणी आणि पाहिलं जायचं कुणी? आणि झालेल्या कामावर नाव कुणाचं? विहिरीवर, शेतात, कारखान्यात आपण हेच प्रश्न विचारत आलो. समुद्राखालीही तेच विचारावे लागतात, आणि तिथं त्यांची उत्तरं जास्त लख्ख दिसतात.

सुरुवात पाण्यापासूनच करू. आपल्याकडे बाईचं पाण्याशी नातं जन्माचं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, पहाटे उठून टँकरच्या रांगेत नंबर. पण त्याच विहिरीत सूर मारायचा तो मुलग्यानं. सहा-सात वर्षांचा झाला की त्याच्या पाठीला डबा बांधून काका-मामा त्याला पाण्यात ढकलतात आणि आठ दिवसांत तो पोहायला शिकतो. त्याची बहीण काठावर कपडे धूत असते. पाणी भरायचं बाईनं आणि पोहायचं बाप्यानं, अशी ही श्रमविभागणी. तिच्यावर जातीची उतरंडही आहेच. चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला त्या महाराष्ट्रात, पाण्यात कोण उतरतं हा प्रश्न कधीच साधा नव्हता. शहरांत तरणतलाव आले, पण फी, येण्याजाण्याचा वेळ, कपडे बदलायची जागा आणि काठावरच्या नजरा ही गाळणी लावल्यावर त्यातून किती मुली पार होतात?

बाईचं शरीरच यासाठी नाही, असं जे सांगितलं जातं त्याचं उत्तर दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर आहे. तिथल्या हेन्यो म्हणवल्या जाणाऱ्या बायका पाठीला हवेची टाकी न लावता, नुसत्या रोखलेल्या श्वासावर समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले आणि शेवाळ काढतात. हे काम आईकडून मुलीकडे येतं. त्यांतल्या कित्येक साठी-सत्तरी ओलांडलेल्या आहेत. युनेस्कोनं २०१६ साली त्यांच्या परंपरेची नोंद मानवजातीच्या वारशात केली. पाळी चालू असताना समुद्रात उतरलं तर रक्ताच्या वासानं शार्क येतात, ही भीती जगभर घातली जाते. तिला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. गरोदरपणात बुडी मारू नये असं डॉक्टर सांगतात, ते मात्र खरं आहे आणि पाळायला हवं. पण नऊ महिन्यांसाठी दिलेला सल्ला चाळीस वर्षांच्या कामावरची बंदी होऊ शकत नाही.

आता या व्यवसायाचा इतिहास पाहू. फ्रान्समध्ये झाँ पँलव्हे नावाचा जीवशास्त्र शिकलेला तरुण होता. समुद्री जिवांवर चित्रपट काढणाऱ्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी तो एक. १९३४ साली त्यानं समुद्रघोड्यावर एक छोटा चित्रपट केला. कॅमेरा पाणबंद पेटीत घालून तो पाण्याखाली उतरला आणि काही भाग त्यानं प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत चित्रित केला. समुद्रघोड्यांमध्ये मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते. नर ती वाढवतो आणि दिवस भरले की कळा देऊन पिल्लांना बाहेर टाकतो. पडद्यावर बाळंत होणारा बाप लोकांनी पाहिला. बाळंतपण आणि संगोपन म्हणजे मादीचं काम, ही ‘निसर्गाची रीत’ आहे असं म्हणणाऱ्यांना तो चित्रपट चांगलंच उत्तर होता.

इथं एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. माशांमध्ये असं असतं म्हणून माणसांत असं असावं, हा युक्तिवाद आपल्याला आज सोयीचा वाटला तरी तो दुधारी आहे. ऑक्टोपसची मादी अंडी घातल्यावर खाणंपिणं सोडून त्यांची राखण करते आणि पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास मरून जाते. त्याचंही कुणी ‘आईचा आदर्श’ म्हणून कौतुक करील. समानता आपण माणूस म्हणून मागतो. त्यासाठी माशांची साक्ष नको. पण पाहणारा कोण आहे यावर काय दिसतं हे ठरतं, एवढा धडा समुद्रघोड्याकडून जरूर घ्यावा.

पँलव्हेच्या कामात सुरुवातीपासून त्याची सहचरी जिनेट आमों बरोबरीनं राबत होती. तिचे आईवडील बर्नार्ड शॉची नाटकं फ्रेंचमध्ये आणणारे अनुवादक. त्यांचं ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं घर या दोघांच्या कामाचं ठिकाण झालं. पुढच्या काळातल्या चित्रपटांना दोघांची नावं लागली. १९६७ सालचा ऑक्टोपसवरचा चित्रपट त्यांतलाच. तरी जगाच्या लक्षात राहिला तो एकटा पँलव्हे.

हीच गोष्ट कूस्तोच्या बाबतीत. झाक कूस्तोचं नाव आपल्याकडेही दूरदर्शनमुळे घरोघरी पोचलं. १९५६ साली त्याच्या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याची ‘कॅलिप्सो’ ही बोट सिद्ध करायला त्याची बायको सिमोन हिनं आपले दागिने विकले. ती स्वतः हवेची टाकी लावून बुडी मारणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी होती. नवऱ्यापेक्षा जास्त काळ ती त्या बोटीवर राहिली, खलाशांची आजारपणं काढली, बोटीचा संसार चालवला. चित्रपटांत मात्र ती जवळजवळ दिसतच नाही. तिला कॅमेऱ्यासमोर यायला आवडत नसे असं सांगतात. असेलही. पण दागिने विकणारी आणि पडद्यावर नसणारी बाई आपल्याला नवी आहे का? शेतात अर्ध्याहून जास्त राबूनही सातबाऱ्यावर नाव नसणारीच ही बहीण.

ऑस्ट्रियातल्या लोट्टे हासची कहाणी थोडी निराळी आहे. हान्स हास हा प्राणिशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला आणि पाण्याखाली चित्रपट काढणारा संशोधक. या दुहेरी व्यवसायाचा तो मोठा आदर्श मानला जातो. विशीच्या आतली लोट्टे त्याच्याकडे चिटणीस म्हणून लागली, ती पाण्याखाली जायला मिळावं याच इच्छेनं. मोहिमेत बाई नको, असं हासचं मत. त्याच्या गैरहजेरीत तिनं कॅमेरा घेतला, व्हिएन्नाजवळ डॅन्यूबच्या पाण्यात बुड्या मारून स्वतः फोटो काढले आणि ते मासिकात छापून आले. मग तिला मोहिमेत घ्यायचं ठरलं. ठरलं कशामुळे? चित्रपट कंपनीला पडद्यावर एक सुंदर मुलगी हवी होती म्हणून! तांबड्या समुद्रातला तो चित्रपट १९५१ साली व्हेनिसमध्ये गाजला, त्याला पारितोषिक मिळालं. लोट्टे जगभर प्रसिद्ध झाली. शार्कच्या शेजारून पोहणारी, पाण्याखाली उत्तम फोटो काढणारी ही बाई लोकांनी प्रामुख्यानं पोहण्याच्या पोशाखातली नायिका म्हणून पाहिली. तिनं दार उघडलं खरं, पण आत घेताना तिला कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला उभं केलं गेलं.

पाहिलं जाणं आणि पाहणं यातलं हे अंतर पार करायला शास्त्रज्ञ बायकांना फार किंमत मोजावी लागली. जपानी आईची अमेरिकन मुलगी युजेनी क्लार्क हिनं नामांकित विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी विचारणा केली तेव्हा तिला ऐकवण्यात आलं की तू लग्न करशील, मुलं होतील आणि आमचा वेळ-पैसा फुकट जाईल. तिनं दुसऱ्या विद्यापीठातून १९५० साली डॉक्टरेट मिळवली. लग्न केलं, चार मुलं झाली, आणि १९५५ साली फ्लोरिडात प्रयोगशाळाही उभी केली. शार्कला शिकवता येतं, तो नुसता भुकेला यांत्रिक राक्षस नाही, हे तिनं प्रयोगांनी दाखवलं. तिच्या कामावर चित्रपट निघाले आणि नव्वदी उलटल्यावरही ती समुद्रात उतरत होती.

सिल्व्हिया अर्लचा अनुभव आपल्या प्रत्येक शिबिरात सांगावा असा आहे. १९६४ साली हिंदी महासागराच्या संशोधन मोहिमेवर ती सत्तर पुरुषांबरोबर एकटी बाई म्हणून गेली. मोंबासाच्या वृत्तपत्राला बातमी कसली दिसली? तर सिल्व्हिया सत्तर पुरुषांसोबत निघाली आणि तिला काही अडचण वाटत नाही, ही! पुढे समुद्रतळाशी घर बांधून त्यात शास्त्रज्ञांनी राहायचं अशी एक अमेरिकन योजना निघाली. अर्लनं अर्ज केला. पाण्याखाली हजारावर तास काम केल्याचा अनुभव तिच्याजवळ होता. तरी पुरुषांबरोबर एकाच घरात बाई कशी राहणार म्हणून तिला नकार मिळाला. अखेर १९७० साली केवळ बायकांची तुकडी करायचं ठरलं. व्हर्जिन बेटांजवळ सुमारे पन्नास फूट खोल, दोन आठवडे, पाच जणी, आणि त्यांची प्रमुख अर्ल. त्यांनी शैवाल, मासे, प्रवाळ यांच्या नोंदी घेतल्या. वर आल्यावर वार्ताहरांनी विचारलं, खाली लिपस्टिक लावत होता का, केस कसे वाळवत होता? बाई मंत्री झाली, वैमानिक झाली तरी तिला घर कोण सांभाळतं हे विचारलं जातं. समुद्राच्या तळाला जाऊन आली तरी सुटका नाही.

अर्ल थांबली नाही. १९७९ साली हवाई बेटांजवळ खास पोशाख घालून ती ३८१ मीटर खोल समुद्रतळावर चालली. छायाचित्रकार अल गिडिंग्ज याच्यासोबत देवमाशांचा माग काढून त्यांच्यावर चित्रपट केला. १९९० साली अमेरिकेच्या सागर आणि वातावरणविषयक सरकारी संस्थेची ती पहिली स्त्री मुख्य शास्त्रज्ञ झाली. या सगळ्यात एक धागा दिसतो. अभ्यास स्वतः केला की चित्रपटात काय सांगायचं हे ठरवायलाही हात पुढे येतो.

अभ्यास आणि कॅमेरा हे दोन्ही एकत्र का हवेत? एक बाजू तंत्राची आहे. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढत जातो. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं, त्यामुळे थोडं खोल गेलं की सगळं निळं-हिरवं दिसतं आणि खरा रंग पाहायचा तर दिवे न्यावे लागतात. टाकीतली हवा मोजकी असते. वर येताना घाई केली तर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. अशा मोजक्या मिनिटांत कुठला जीव कुठे असेल, तो घाबरला की काय करतो, किती जवळ गेलं तर त्याला इजा होईल, हे ज्याला ठाऊक आहे तोच तिथं नीट चित्रीकरण करू शकतो. अज्ञानानं एक पाय टेकला तरी वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ मोडतं.

दुसरी बाजू परिणामांची आहे. १९७५ साली ‘जॉज’ हा हॉलिवूडचा चित्रपट आला. त्यातल्या खऱ्या शार्कची दृश्यं ऑस्ट्रेलियातल्या रॉन आणि व्हॅलेरी टेलर या जोडप्यानं चित्रित केली होती. चित्रपटातला माणूसखाऊ शार्क ही कल्पित गोष्ट. लोकांनी ती खरी मानली आणि शार्क मारण्याची लाटच उसळली. व्हॅलेरीला लहानपणी पोलिओ झाला होता. शाळा लवकर सुटली, हाती जीवशास्त्राची पदवी नव्हती. तरुणपणी ती भाल्यानं मासे मारण्याच्या स्पर्धा जिंकायची. पुढे मारणं सोडून तिनं कॅमेरा धरला आणि वर्षानुवर्षं पाण्याखाली पाहून-पाहून शार्कचा स्वभाव जाणला. ‘जॉज’नंतर नवराबायको लोकांची भीती घालवायला गावोगाव बोलत फिरली. ज्या शार्कची जमात संपत आली होती तिच्या रक्षणासाठी व्हॅलेरीनं सरकारकडे पाठपुरावा केला आणि १९८४ साली न्यू साउथ वेल्समध्ये त्या शार्कला कायद्यानं संरक्षण मिळालं. ज्ञानाशिवाय कॅमेरा काय करू शकतो आणि ज्ञानासकट काय करू शकतो, हे एकाच बाईच्या आयुष्यात दिसतं. आपल्याकडेही २००० साली माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर होणाऱ्या देवमुशीच्या, म्हणजे व्हेल शार्कच्या, कत्तलीवर चित्रपट केला आणि २००१ साली या माशाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं.

म्हणून या व्यवसायाकडे हौस म्हणून पाहून चालणार नाही. समुद्राबद्दल लोक काय मानतात आणि सरकार काय ठरवतं, हे तिथून घडतं. जिथं असं काही घडतं तिथं बायका हव्यात, आणि पाहणाऱ्या म्हणून हव्यात.

मराठी घरातली मुलगी इथवर जाऊ शकते का? समुद्राच्या अभ्यासापुरतं तरी याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालं. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत यांनी सर अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं पुस्तक वाचून या विषयाचा ध्यास घेतला. हवाई आणि लंडन इथं शिक्षण घेऊन त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या. १९८३-८४च्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. आज गोवा विद्यापीठ, तमिळनाडूत परंगीपेट्टईचं सागरी जीवशास्त्र केंद्र, कोची, आपलं रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था अशी दारं आहेत. चित्रपटाचं शिक्षण पुण्यात आणि कोलकात्याला मिळतं. दोन्ही एका ठिकाणी शिकवणारी जागा सहसा सापडत नाही. मुलीला आधी एक शिकून मग दुसरं स्वतःच्या खर्चानं जोडावं लागतं. पाणबंद पेट्या, दिवे, बुडीची साधनं यांचा खर्च मोठा. ‘लग्नासाठी ठेवलेला’ पैसा यासाठी मागायची हिंमत किती मुलींना होईल?

नावाचा प्रश्नही अजून मिटलेला नाही. २०२१ साली ऑस्कर मिळालेला, दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला ऑक्टोपसवरचा माहितीपट पुष्कळांनी पाहिला असेल. प्रेक्षकांच्या मनात राहतो तो रोज पाण्यात उतरणारा एक पुरुष. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक पिप्पा अर्लिख ही विज्ञान-पत्रकारितेतून आलेली बाई आहे. निर्मितीत आपली भारतीय पत्रकार स्वाती त्यागराजनही होती. नावं श्रेयनामावलीत आहेत, हा बदल मोठाच. ती वाचायची सवय मात्र आपण लावून घ्यायला हवी.

आता बोटीबद्दल. पाण्याखालचं चित्रीकरण म्हणजे दिवसचे दिवस लहानशा बोटीवर, बहुतेक पुरुषांबरोबर. संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, रात्री निजायची वेगळी जागा नाही. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या स्थितीबद्दल न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर झाला. त्यात लैंगिक छळाबरोबरच संडास आणि कपडे बदलायच्या जागेचा अभावही नोंदला आहे. जमिनीवर ही गत, तर भर समुद्रात काय? कार्यकर्त्या मैत्रिणींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त जावं लागणारं ठिकाण आणि मालकानं दिलेलं वाहन हीसुद्धा ‘कामाची जागा’ आहे. म्हणजे बोटही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. भंवरीदेवींच्या लढ्यातून १९९७ साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यातून हा कायदा आला. राजस्थानच्या खेड्यातल्या एका साथिनीनं मिळवलेला हक्क समुद्रातल्या कॅमेरावालीच्या कामी येऊ शकतो. दोघींचे लढे वेगळे नाहीत ते असे.

आणि सगळ्यात शेवटी, पण आमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. समुद्रात उतरणाऱ्या, समुद्र जाणणाऱ्या बायका आपल्या देशात आधीपासून आहेत. त्यांना कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, एवढंच. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात रामेश्वरमच्या आसपासच्या गावांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या बुड्या मारून समुद्री शेवाळ काढतात. साडीवर सदरा, डोळ्यांना चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, पायाला पत्र्याच्या चपट्या. त्या शेवाळापासून अगर होतो, जो खाद्यपदार्थांत आणि प्रयोगशाळांत लागतो. १९८६ साली तिथली एकवीस बेटं सागरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि या बायका आपल्याच समुद्रात गुन्हेगार ठरू लागल्या. त्यांनी संघटना बांधली. महिन्यातले ठरावीक दिवसच शेवाळ काढायचं, वाढीच्या काळात काढायचं नाही, असे नियम स्वतः घालून घेतले. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली ‘सीकॉलॉजी’ हा आंतरराष्ट्रीय पर्यावरण पुरस्कार मिळाला. शेवाळ कधी वाढतं, किती काढलं तर पुन्हा येतं, हे ज्ञान जीवशास्त्र नव्हे तर दुसरं काय? पण त्यांच्यावर चित्रफिती निघतात तेव्हा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती असतो आणि बोलणाराही बहुधा दुसराच असतो.

आपल्या कोकणातही हेच. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, कालवं, खुबे काढणारी बाई उधाण आणि भांग तिथीवरून सांगते. कुठल्या खडकावरची कालवं कमी झाली आणि कारखान्याचं पाणी कुठून येतं, हे सर्वेक्षणवाल्यांच्या आधी तिला कळतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि आज तिथं पर्यटकांना पाण्याखालचं जग दाखवण्याचा मोठा धंदा आहे. बुडी शिकवणारे, होडी हाकणारे बहुतेक पुरुषच दिसतात. बायका किनाऱ्यावर मासे तळतात, खोल्या झाडतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी मात्र स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवायला आणि त्याची माहिती सांगायला सुरुवात केली. दाखवणारी बाईच असली की काय होतं, त्याचं हे आपल्या घरचं उदाहरण.

तेव्हा आपण काय करावं? काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. किशोरी गटांच्या कार्यक्रमात पोहणं शिकवणं घालता येईल. पंचायतीकडे, नगरपालिकेकडे मुलींसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक मागता येतील. पुरात आणि बोट बुडाल्यावर जीव वाचवायलाही पोहणं लागतंच. किनाऱ्यावरच्या संघटनांनी मासेमार बायकांच्या हाती कॅमेरा द्यावा. आज मोबाइलमध्येही तो आहे. खाडीचं बदलतं रूप त्यांनी स्वतः टिपावं आणि जनसुनावणीत पुरावा म्हणून मांडावं. जे संशोधक, चित्रपटवाले, संस्था आपल्या वस्तीत माहिती घ्यायला येतात त्यांना पहिल्याच दिवशी विचारावं, माहिती सांगणाऱ्या बाईचं नाव कुठं छापणार? आणि तिला परत काय दाखवणार? जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता मच्छीमार बंदरावर आणि पर्यटनाच्या धक्क्यावर ठळक लिहिला आहे का, हेही पाहावं.

आणि एखादी मुलगी खरंच म्हणाली की मला समुद्राखाली जायचंय, तर तिच्या घरी बोलायला आपल्यापैकी दोघीतिघींनी जावं. कौतुकाची भाषणं तिला नकोत. तिला शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहातली जागा, लग्नाची घाई दोन वर्षं थोपवून धरणारं कुणीतरी आणि बोटीवर काही बरंवाईट झालं तर पाठीशी उभी राहणारी संघटना हवी. जिनेट आमोंला, सिमोनला, लोट्टेला ते मिळालं नाही. शेतमजूर बाईच्या मजुरीसाठी लढताना आपण जे शिकलो तेच इथं कामी येणार आहे.

आपापल्या भागातल्या, पाण्यात उतरणाऱ्या, नदी-खाडी-समुद्र जाणणाऱ्या बायकांची माहिती आम्हाला जरूर लिहून पाठवा. त्यांची परवानगी असेल तर त्यांच्या नावानिशी पाठवा. पुढच्या अंकात ती त्यांच्याच शब्दांत छापू.

– संपादक मंडळाच्या वतीने